श्रद्धा सोपी असावी की अवघड?

माझ्या हातून झालेल्या एका चुकीपासून सुरुवात करतो. चूक जुनी आहे, पण अजून बोचते.

१९७८ सालची गोष्ट. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी प्राथमिक शाळेत शिक्षक होतो. गावात आमची ख्रिस्ती मंडळी लहानशी, चाळीसएक घरांची. पाळकसाहेब महिन्यातून दोनदा यायचे. एरवी रविवारची उपासना चालवणे आणि धर्मशिक्षणाचा वर्ग घेणे हे काम माझ्याकडे असे. आमच्यात दृढीकरण नावाचा एक विधी असतो. लहानपणी आईवडिलांच्या विश्वासावर मुलाचा बाप्तिस्मा होतो. मोठेपणी माणसाने स्वतःच्या तोंडाने आपला विश्वास कबूल करायचा, बिशपसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायचा आणि मग त्याने प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या पंक्तीला, बसायचे. त्यासाठी आधी छापील प्रश्नोत्तरावली पाठ करून घ्यायची आणि जे तयार होतील त्यांची नावे वर पाठवायची, असा रिवाज होता.

त्या वर्षी वर्गात पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांबरोबर साठी ओलांडलेल्या एक बाई येऊन बसल्या. सगळा गाव त्यांना मावशी म्हणे. लग्न, मुलंबाळं, ऊसतोडणी या धबडग्यात त्यांचे दृढीकरण राहून गेले होते. लिहिता-वाचता येत नव्हते. परीक्षेच्या दिवशी मी विचारले, "मावशी, देव किती?" "एक," त्या लगेच म्हणाल्या. "मग पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे काय?" त्या थांबल्या. पदराचे टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "मास्तर, ते तीन का एक, मला न्हाई उमगत. पर मी येशूला हाक मारते, तो ऐकतो."

मी तरुण होतो, आणि पुस्तकातले उत्तर हेच उत्तर असे मला वाटत होते. मी म्हणालो, "मावशी, पुढच्या वर्षी बघू. तोवर उत्तरे पाठ करून घ्या कुणाकडून तरी."

पुढच्या वर्षीही तेच झाले. दोन वर्षे त्या प्रभुभोजनाच्या रविवारी मागच्या भिंतीपाशी बसून राहिल्या. इतर लोक पुढे जात, त्या हात जोडून बसत. एकदा शाळेच्या वाटेवर भेटल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, औंदा तरी व्हईल का?" त्या प्रश्नाने मला लाज वाटली. त्या वर्षी मी काहीही न विचारता त्यांचे नाव यादीत घातले. मला काही उमगले होते म्हणून नव्हे, केवळ लाज वाटली म्हणून. उमगायला आणखी काही वर्षे जावी लागली.

ख्रिस्ती श्रद्धा सोपी असावी की सिद्धांतांनी भरलेली, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्यामागे लागला. आमच्यात याची दोन टोके आहेत. एक पक्ष म्हणतो, येशूने गालीलातल्या कोळ्यांना आणि जकातदारांना बोलावले. त्यांची कोणती परीक्षा घेतली? देवावर प्रेम करा, शेजाऱ्यावर प्रेम करा, झाले. बाकीची सगळी पंडितांची कारागिरी. दुसरा पक्ष म्हणतो, प्रेम करा हे खरे, पण कोणत्या देवावर? येशू कोण होता? तो नुसता सज्जन गुरू असेल तर त्याची प्रार्थना कशाला करायची? प्रश्न आला की उत्तर आले, आणि उत्तर नीट द्यायचे तर शब्द तोलून वापरावे लागतात.

मराठी माणसाला हा वाद अनोळखी वाटू नये. अद्वैताचा सिद्धांत समजल्याशिवाय भक्ती खरी की खोटी, हा प्रश्न आपल्याकडेही शतकानुशतके विचारला गेला आहे. वारीत ज्ञानेश्वरीचा अभ्यास केलेले लोक असतात आणि नुसते नाम घेत चालणारेही असतात. दोघे एकाच दिंडीत चालतात. दिंडीत शिरायला परीक्षा द्यावी लागत नाही.

बायबलात शोधायला गेलो तर दोन्ही बाजूंना आधार सापडतो, आणि तोही एकाच पुस्तकात. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात फिलिप्पै गावचा एक तुरुंगाधिकारी आहे. भूकंपाने तुरुंगाची दारे उघडतात, तो घाबरतो आणि आपला उद्धार कसा होईल म्हणून विचारतो. त्याला एका वाक्यात उत्तर मिळते, प्रभू येशूवर विश्वास ठेवण्याचे. आणि त्याच रात्री त्याचा व त्याच्या घरच्यांचा बाप्तिस्मा होतो. पण त्याच पुस्तकात थोडे आधी इथिओपियाचा एक दरबारी रथात बसून यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचताना दिसतो. वाचतोस ते तुला समजते का, असे त्याला विचारल्यावर तो म्हणतो, कुणी समजावून सांगितल्याशिवाय कसे समजणार? त्याला मात्र बैठक मारून अर्थ सांगावा लागतो. आणि नव्या करारातल्या पेत्राच्या दुसऱ्या पत्रात तर सरळ कबुली आहे, की पौलाच्या पत्रांत काही गोष्टी समजायला अवघड आहेत. धर्मग्रंथच आपल्याविषयी असे म्हणतो, ही मला फार दिलासा देणारी गोष्ट वाटते.

हा प्रश्न पुस्तकी न राहता एखाद्या जिवंत माणसाच्या आयुष्यात कसा उतरतो, ते मला पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहारातून कळले. सिस्टर जेराल्डिन यांनी जमवून ठेवलेली ही पत्रे अ. भि. शहा यांनी संपादित केली आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली ती प्रसिद्ध केली. माझ्या हाती ते पुस्तक पुढे काही वर्षांनी पडले. रमाबाईंविषयी आपण शाळेत शिकतो ते शारदा सदन, विधवांसाठी केलेले कार्य, केडगावचे मुक्ती सदन एवढेच. त्यांनी स्वतःच्या नव्या धर्माशी किती भांडण मांडले होते, ते फारसे कुणी सांगत नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले आणि आईने लेकीला. दुष्काळात आईवडील गेले. पुढे कलकत्त्याच्या विद्वानांनी विशीतल्या या मुलीला पंडिता आणि सरस्वती म्हटले. लग्नानंतर दोन वर्षांतच पती वारले. १८८३ साली लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या, वैद्यकीचे शिक्षण घ्यायला. कानांना कमी ऐकू येत असल्याने ते जमले नाही. वाँटेज या गावी सेंट मेरी द व्हर्जिन नावाच्या अँग्लिकन भगिनीसंघाकडे त्या राहिल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली. पण खरी गंमत पुढे आहे. जे हिंदू विद्वान त्यांच्यावर रागावले होते त्यांना, आणि ज्या इंग्रज भगिनी खूश झाल्या होत्या त्यांनाही, या बाई अजून पुरत्या कळल्या नव्हत्या.

बाप्तिस्मा घेतला म्हणजे चर्चने सांगितलेले सगळे एकगठ्ठा मान्य केले, असे रमाबाईंना वाटत नव्हते. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तिघे मिळून एकच देव, हा त्रैक्याचा सिद्धांत त्यांना बायबलात त्या शब्दांत सापडेना. येशूच्या देवत्वाविषयी त्यांच्या शंका होत्या. त्या काळी इंग्लंडच्या चर्चमध्ये वर्षातून ठरावीक सणांना 'अथानासियन क्रीड' नावाची एक लांबलचक कबुली म्हणत असत. त्यात त्रैक्याची बारीकसारीक व्याख्या आहे, आणि ती जसीच्या तशी न मानणाऱ्याचा कायमचा नाश होईल असा इशाराही आहे. हा इशारा इंग्लंडमधल्या अनेक शिकलेल्या ख्रिस्ती लोकांनाही खुपत होता. रमाबाईंनी तर तो साफ नाकारला. सिस्टर जेराल्डिन यांना वाटे, ही मुलगी गर्विष्ठ आहे. तिने आधी नम्रपणे ऐकावे, मग कळेल. रमाबाईंचे म्हणणे असे, की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने मान सोडवून घेतली आहे. आता दुसऱ्याच्या जोखडात ती घालणार नाही. देवाने मला बुद्धी आणि सदसद्विवेक दिला आहे, तो वापरूनच मी मानायचे ते मानीन.

एक प्रसंग मला फार आवडतो. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कोरावीत असा भगिनींचा विचार होता. रमाबाईंनी विचारले, लॅटिनच का? ती मलाही कळत नाही आणि माझ्या देशातल्या बायांनाही कळत नाही. आमच्याकडचे ब्राह्मण संस्कृतला जशी देवाची भाषा मानतात, तशी तुम्ही लॅटिनला मानता की काय? मग त्यापेक्षा आमची संस्कृत काय वाईट? प्रश्न बिनतोड आहे. पण थोडे पुढे जाऊन पाहिले तर संस्कृत तरी त्या देशातल्या किती बायांना कळत होती? या प्रश्नाचे उत्तरही रमाबाईंनीच पुढे दिले. त्याकडे शेवटी येतो.

इथपर्यंत वाचून कुणालाही वाटेल, की रमाबाई सोप्या श्रद्धेच्या बाजूच्या आणि भगिनी सिद्धांताच्या बाजूच्या. मलाही आधी तसेच वाटले. पण पत्रे पुन्हा वाचली तेव्हा दिसले, की रमाबाई सिद्धांताला कंटाळलेल्या नाहीत. उलट त्या खोलात शिरतात. मूळ शब्द काय आहे, संदर्भ काय आहे, हे पुनःपुन्हा विचारतात. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजच्या प्रमुख डॉरोथिया बील यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात तर त्यांना बरोबरीने वाद घालणारे माणूस भेटल्याचा आनंदच दिसतो. बीलबाई स्वतः शंकांच्या वाटेने गेलेल्या होत्या. त्या दटावत नसत, उत्तर देत. म्हणजे रमाबाईंची तक्रार अवघड विचाराविरुद्ध नव्हती. न विचारता मान्य कर, या हुकुमाविरुद्ध होती. या दोन तक्रारी वेगळ्या आहेत, आणि सगळा घोटाळा त्या एक समजण्यातून होतो.

आता तो अवघड विचार मुळात आला कुठून, तेही पाहू. त्यासाठी सतराशे वर्षे मागे जावे लागेल. इसवी सन ३२५ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने आजच्या तुर्कस्तानात असलेल्या निकेया गावी बिशपांची परिषद बोलावली. २०२५ साली तिला १७०० वर्षे पूर्ण झाली. वाद असा होता. आलेक्सांद्रिया शहरातल्या एरियस नावाच्या धर्मगुरूचे म्हणणे, देव एकच. तेव्हा पुत्र हा सगळ्या सृष्टीत श्रेष्ठ खरा, पण शेवटी देवाने निर्माण केलेलाच. तो नव्हता असाही एक क्षण होता. हे म्हणणे सोपे आहे, हे ध्यानात घ्या. गणित चुकत नाही, एक म्हणजे एक. एरियसने आपली मते पद्यातही मांडली होती. त्याच्याविरुद्ध उभा राहिलेल्यांत आलेक्सांद्रियाच्या बिशपांचा एक तरुण साहाय्यक होता, अथानासियस. वर सांगितलेल्या 'अथानासियन क्रीड'ला पुढे त्याचे नाव चिकटले, पण ती त्याने लिहिलेली नाही; ती बऱ्याच नंतरची, लॅटिनमधली आहे.

अथानासियसचा युक्तिवाद मला जेव्हा नीट कळला, तेव्हा मावशी आठवल्या. थोडक्यात तो असा. लोक येशूची प्रार्थना करतात. त्याच्या नावाने बाप्तिस्मा घेतात. मरताना त्याला हाक मारतात. हे आजचे नाही, पहिल्यापासून चालत आले आहे. आता तो निर्माण केलेलाच असेल, तर हे सगळे लोक देवाला सोडून एका प्राण्याला पूजत आहेत. आणि जो स्वतः निर्मित आहे तो दुसऱ्याला देवापर्यंत कसा नेणार? तेव्हा या साध्या माणसांची हाक खरी ठरायची असेल, तर ज्याला ते हाक मारतात तो खरोखर देवच असला पाहिजे. परिषदेने यासाठी 'पित्याशी एकतत्त्व' अशा अर्थाचा एक ग्रीक शब्द निवडला. हा शब्द बायबलात नाही, म्हणून खूप आरडाओरडा झाला. पण दुसरा कोणताही शब्द घेतला तर एरियसचे लोक त्याचा आपल्याला हवा तसा अर्थ लावत होते.

म्हणजे पाहा, प्रश्नोत्तरावलीतले जे उत्तर मावशींना येत नव्हते म्हणून मी त्यांना मागे बसवले, ते उत्तर मुळात मावशींसारख्यांची प्रार्थना वाचवण्यासाठी तयार झाले होते. "मी हाक मारते, तो ऐकतो" हे त्यांचे वाक्य हाच त्या सिद्धांताचा गाभा होता. मी कुंपण घेऊन बसलो आणि ज्या रोपासाठी कुंपण घातले त्यालाच बाहेर ठेवले.

अर्थात, हे सगळे फार पवित्र वातावरणात घडले असा कुणी समज करून घेऊ नये. निकेयानंतर पन्नास वर्षांहून अधिक काळ वाद चालला. सम्राट बदलला की योग्य सिद्धांत बदलायचा. अथानासियसला पाच वेळा हद्दपार व्हावे लागले. शब्दांच्या बारकाव्यांसाठी माणसांची घरेदारे सुटली, दंगली झाल्या. सिद्धांताच्या हाती सत्ता आली की तो समजावून सांगायचे सोडून शिक्षा द्यायला लागतो. रमाबाईंना जो वास वाँटेजला आला, तो हाच होता.

मग सिद्धांत सोडून द्यावा आणि नुसते प्रेम, नुसती श्रद्धा ठेवावी, हे बरे नाही का? ऐकायला छान आहे. पण सोपेपणाही नेहमी निरुपद्रवी असतो असे नाही. जर्मनीचे उदाहरण घ्या. नाझी पक्षाने १९२० सालच्या आपल्या कार्यक्रमातच 'सकारात्मक ख्रिस्ती धर्मा'चा पुरस्कार केला होता, कोणत्याही पंथाला न बांधलेल्या. कोणाला त्यात वाईट दिसावे? १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर 'जर्मन ख्रिस्ती' नावाच्या गटाने चर्चमध्ये जोर धरला. जुना करार ज्यूंचा, तो टाकून द्या. ज्यू वंशाच्या ख्रिस्ती लोकांना चर्चच्या पदांवरून काढा. साधा, वीर, जर्मन माणसाला शोभणारा येशू पुरे, अशी भाषा सुरू झाली. याला विरोध करायला १९३४ च्या मे महिन्यात बार्मेन गावी काही मंडळ्यांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी काय केले? एक सैद्धांतिक जाहीरनामा काढला. सहा कलमे, प्रत्येक कलमात आम्ही काय मानतो आणि काय नाकारतो. मसुद्यात मोठा वाटा कार्ल बार्ट या धर्मशास्त्रज्ञाचा. सार एवढेच, की चर्चने ऐकायचा शब्द एकट्या येशू ख्रिस्ताचा. त्याच्या शेजारी दुसऱ्या कोणत्याही पुढाऱ्याला, राज्याला वा वंशाला देवाचा आवाज म्हणून बसवता येणार नाही. जाहीरनाम्यात ज्यूंच्या छळाविषयी स्पष्ट शब्द नाही, ही त्याची मोठी उणीव. तरीही पुढच्याच वर्षी बार्ट यांना बॉनच्या विद्यापीठातली नोकरी गमवावी लागली. हिटलरशी बिनशर्त निष्ठेची शपथ घ्यायला त्यांनी नकार दिला होता. ज्या सिद्धांताला आपण पुस्तकी किस म्हणतो, तो अशा वेळी पाठीचा कणा होतो.

आणि जर्मनीपर्यंत तरी कशाला जायचे? आमच्याच भागात मी पाहिले आहे. आजारी माणसाला सांगतात, 'फक्त विश्वास ठेव, औषध सोड.' किती सोपी श्रद्धा! माणूस बरा झाला नाही की म्हणायचे, 'तुझाच विश्वास कमी पडला.' देवाने निर्माण केलेल्या जगात औषधी झाडेही आली आणि वैद्याची बुद्धीही आली, हे सांगायला थोडा सिद्धांत लागतो. तो माहीत असता तर काही घरांतली माणसे वाचली असती.

आता पुन्हा रमाबाईंकडे. त्या भारतात परतल्या, १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, पुढे ते पुण्यात नेले. निळकंठशास्त्री गोऱ्हे, म्हणजे ख्रिस्ती झाल्यावरचे नेहेम्या गोऱ्हे, यांच्यासारख्या संस्कृत पंडिताच्या युक्तिवादाचाही त्यांच्यावर परिणाम झाला. हळूहळू येशूच्या देवत्वाविषयीच्या त्यांच्या शंका फिटल्या. कुणी दटावल्यामुळे नव्हे, स्वतः चालत गेल्यामुळे. त्यांनी स्वतःच नंतर लिहून ठेवले आहे, की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडला १८९१ च्या सुमारास. म्हणजे ज्या बाईने सिद्धांताशी इतकी झुंज घेतली, तिला सिद्धांत पटल्यावरही तेवढ्याने पोट भरले नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी उपाशी मुली आणि विधवा गोळा करून केडगावला आणल्या. १९०० च्या सुमारास तिथे दोन हजारांच्या आसपास माणसे होती. यांतल्या बहुतेक बायांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्यासाठी रमाबाईंनी काय केले, ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी एखादी सोपी प्रश्नोत्तरावली लिहून काम भागवले नाही. तेव्हाचे मराठी बायबल त्यांना संस्कृतप्रचुर वाटे, आणि त्यातल्या काही शब्दांना हिंदू तत्त्वज्ञानाचा असा अर्थ चिकटलेला, की ऐकणारीच्या मनात भलतेच काही उभे राहावे. म्हणून पन्नाशी गाठताना त्या हिब्रू आणि ग्रीक या भाषांच्या अभ्यासाला बसल्या आणि मूळ भाषांवरून साऱ्या बायबलचे साध्या मराठीत भाषांतर करायला लागल्या. मुक्ती सदनाच्याच छापखान्यात तिथल्याच बाया खिळे जुळवत होत्या. हे काम वर्षानुवर्षे चालले. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले.

क्रुसावर लॅटिन नको, संस्कृत हवी, असे म्हणणारी तरुण रमाबाई अशी साध्या मराठीपर्यंत आली. आणि तिथे पोहोचायला तिला आणखी दोन अवघड भाषा शिकाव्या लागल्या. हे भाषांतर सर्वांना रुचले असे नाही. मुळाला ते इतके चिकटून आहे, की मराठी ठिकठिकाणी अडखळते, असे जाणकार म्हणतात, आणि चर्चांमध्ये ते फारसे रुळले नाही. पण त्यामागची दिशा मला महत्त्वाची वाटते. सोपे काही दुसऱ्याच्या हाती द्यायचे तर अवघड काम आपण अंगावर घ्यावे लागते. डोंगरावरून पाणी गावात नळाने येते. उघडणाऱ्याला एक चावी फिरवावी लागते, पण कुणीतरी डोंगर चढून पाइप टाकलेला असतो. नळावर येणाऱ्याला 'आधी डोंगर चढून ये' म्हणायचे नसते. आणि आपल्याला घरात पाणी मिळते म्हणून डोंगरावरचे काम बिनकामाचे, असेही म्हणायचे नसते.

तेव्हा सोपी की अवघड, या प्रश्नाला माझे उत्तर असे. श्रद्धेचे दार ठेंगणे असू नये. लहान मूल, निरक्षर म्हातारी, बुद्धीने अधू असलेला माणूस, सगळ्यांना ताठ मानेने आत येता आले पाहिजे. घर मात्र मोठे असावे. आत आल्यावर ज्याला प्रश्न पडतील त्याला फिरायला खोल्या असाव्यात, जिने असावेत, जुनी कागदपत्रे असावीत. ज्यांचे काम शिकवण्याचे आहे त्यांनी तर ती सगळी पाहिलीच पाहिजेत. अवघड ज्ञान हे शिकवणाऱ्याने वाहायचे ओझे आहे. मी ते शिकणारीच्या डोक्यावर ठेवले होते.

मावशींचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. बिशपसाहेब आले, मावशींचे दृढीकरण झाले, त्या पंक्तीला बसल्या. पुढच्याच आठवड्यात एका संध्याकाळी त्या आमच्या घरी आल्या. मला वाटले, काही अर्जबिर्ज लिहून हवा असेल. ओट्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, आता ते तीन-एकचं नीट सांगा बरं. आता काय घाई न्हाई."

मी मला येत होते तेवढे सांगितले. फार चांगले सांगता आले असे नाही. मधेच दिवे गेले, बायकोने कंदील आणून ठेवला. मावशींनी तीन-चार प्रश्न विचारले. त्यातल्या एकाचे उत्तर मला आले नाही, तेव्हा तसे त्यांना सांगितले. "बरं, इचारून ठेवा," त्या म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या. तो प्रश्न मी पाळकसाहेबांना विचारला. त्यांनी एक पुस्तक दिले. माझा धर्मशास्त्राचा अभ्यास तिथून सुरू झाला.